वस्तुनिष्ठ परीक्षा आणि संशयाचा फायदा

(नागपूर येथील एका अभ्यासिकेत स्पर्धा-परीक्षांच्या विद्यार्थ्यांपुढे केलेले भाषण. वाचकांसाठी वक्त्याने स्वतः लिहून दिले आहे.)



अभ्यासिकेतील मुलामुलींपुढे जे बोललो, तेच येथे आपणांपुढे ठेवीत आहे. तेथे फळा होता, येथे नाही. म्हणून जेथे हिशेब येईल तेथे आपण हाती पेन्सिल घेऊन तो स्वतः करून पाहावा, एवढीच विनंती. आपण स्वतः परीक्षेला बसणार नसाल, तर आपल्या घरातील जो बसणार आहे त्याला हा मजकूर वाचून दाखवावा.

मी धंद्याने वकील आहे, शिक्षक नाही. परीक्षांविषयी बोलण्याचा माझा अधिकार एवढाच की, अशा एका परीक्षेत मी स्वतःच्या मूर्खपणामुळे हरलो आहे. सनद घेण्यापूर्वीची, सुमारे २००५ सालची ही गोष्ट. वडील गिरणी कामगार, त्यांचे काम सुटलेले, आणि घरात मी थोरला. लिपिकाच्या एका भरतीची लेखी परीक्षा होती. १०० प्रश्न, प्रत्येकाला चार पर्याय. मी ७८ प्रश्न सोडविले आणि २२ मोठ्या अभिमानाने कोरे ठेवले. जे येत नाही त्याला हात लावायचा नाही, हे मला प्रामाणिकपणाचे लक्षण वाटत होते. तीन गुणांनी माझी निवड हुकली. घरी आल्यावर प्रश्नपुस्तिकेचे पहिले पान वाचले. चुकीच्या उत्तरासाठी गुण वजा केले जाणार नाहीत, असे त्यावर स्वच्छ छापलेले होते. त्या २२ जागी डोळे मिटून एकाच क्रमांकाचा पर्याय काळा केला असता, तरी सरासरीने साडेपाच गुण पदरात पडले असते. दोष परीक्षा घेणाऱ्यांचा नव्हता. ते पान मी वाचले नव्हते.

पुढे कायद्याचे शिक्षण घेतले, २०१० मध्ये पदवी मिळविली, आणि मार्च २०११ मध्ये अखिल भारतीय बार परीक्षा पहिल्यांदा घेण्यात आली तेव्हा तिला बसलो. तीही १०० प्रश्नांची वस्तुनिष्ठ परीक्षा. चुकीला दंड नाही, शिवाय पुस्तके जवळ ठेवण्याची मुभा. काही मित्र पिशव्या भरभरून ग्रंथ घेऊन आले होते. एकेका कलमासाठी पाने उलटण्यात त्यांचा वेळ गेला आणि शेवटचे प्रश्न त्यांनी पाहिलेसुद्धा नाहीत. मी या वेळी पहिले पान दोनदा वाचले होते. एकही वर्तुळ कोरे ठेवले नाही.

आता मुख्य विषयाकडे वळतो. ही परीक्षापद्धती तशी शंभर-सव्वाशे वर्षांचीच आहे. अमेरिकेतील कॅन्सस राज्यात फ्रेडरिक केली या शिक्षणतज्ज्ञाने १९१५ च्या सुमारास तयार केलेली वाचनाची चाचणी ही तिची आरंभीची एक नोंद मानतात. आज महाराष्ट्रातील तरुणाची जवळजवळ प्रत्येक वाट या दारातून जाते. पोलीस भरती, शिक्षक पात्रता परीक्षा, विधी महाविद्यालयाची प्रवेश परीक्षा, वैद्यकीय प्रवेशाची 'नीट', लोकसेवा आयोगाच्या पूर्वपरीक्षा, या सर्व वस्तुनिष्ठ आहेत. कोणी म्हणेल, राज्यसेवेची मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झाली. झाली खरी. परंतु पूर्वपरीक्षेचे दार अजून वस्तुनिष्ठच आहे, आणि ज्याला ते उघडता आले नाही त्याची वर्णनात्मक उत्तरे कोण वाचणार?

आपल्या समाजाच्या दृष्टीने या पद्धतीत एक गुण आहे आणि एक दोष आहे. मुलाखतीत आडनाव उच्चारले जाते, गाव विचारले जाते, वडील काय करतात हे विचारले जाते. निबंधवजा उत्तरपत्रिका तपासताना परीक्षकाची भाषेची आवड डोकावते. वस्तुनिष्ठ उत्तरपत्रिका वाचणाऱ्या यंत्राला मात्र फक्त काळे झालेले वर्तुळ दिसते. हा गुण लहान नाही. दोष असा की, यंत्र निःपक्षपाती असले तरी त्याच्यापर्यंत पोहोचण्याची वाट सर्वांना सारखी नसते. ज्या घरात दोन पिढ्या परीक्षा दिल्या गेल्या, त्या घरातील मुलाला प्रश्नपत्रिका कशी हाताळावी हे जेवताना बोलता बोलता कळते. आपल्या मुलाला ते कोणी सांगत नाही. मग महागड्या शिकवणीवाल्याकडून ते विकत घ्यावे लागते. अनुसूचित जातींच्या उमेदवारांना पुण्याच्या बार्टी संस्थेमार्फत प्रशिक्षण मिळते, त्याचा लाभ अवश्य घ्यावा. परंतु प्रश्न सोडविण्याच्या रीतीपैकी बराचसा भाग विनामूल्य शिकता येतो, असे माझे मत आहे, आणि तोच मी आज सांगणार आहे.

गेल्या वर्षी अभ्यासिकेतील एक मुलगी आयोगाच्या अराजपत्रित गट-ब सेवेच्या धर्तीच्या पूर्वपरीक्षेत अर्ध्या गुणाने मागे राहिली. एक तास, १०० प्रश्न, १०० गुण आणि प्रत्येक चुकीला पाव गुण वजा, असे तिचे स्वरूप होते. मुलगी हुशार, अक्षरशः पाठांतराची खाण. तिने ६२ प्रश्न सोडविले व ३८ कोरे ठेवले. निकालानंतर रडून झाल्यावर मी तिला म्हटले, ती प्रश्नपुस्तिका आण, आणि उत्तरतालिका न पाहता ते ३८ प्रश्न आता माझ्यासमोर सोडव. तिने सोडविले. त्यांतील २१ बरोबर आले आणि १७ चुकले. २१ मधून सव्वाचार वजा केले तरी पावणेसतरा गुण होतात. अर्ध्या गुणासाठी हरलेली मुलगी पावणेसतरा गुण प्रश्नपुस्तिकेत सोडून घरी आली होती! मी विचारले, ही उत्तरे तेव्हा का लिहिली नाहीस? ती म्हणाली, "काका, पक्कं माहीत नव्हतं ना."

बंधुभगिनींनो, हे वाक्य मी कित्येक रात्री मनात घोळवीत राहिलो. कारण न्यायालयात आम्ही वकील रोज याच प्रश्नावर भांडत असतो. एखादी गोष्ट 'पक्की' केव्हा म्हणायची? कायद्यात याची दोन मापे आहेत. फौजदारी खटल्यात आरोपीचा अपराध वाजवी संशयापलीकडे सिद्ध व्हावा लागतो. जरा वाजवी संशय उरला की त्याचा फायदा आरोपीला. दिवाणी दाव्यात मात्र शक्यतांचे पारडे ज्या बाजूला झुकते तिच्या बाजूने निर्णय दिला जातो. तेथे न्यायाधीश 'मला पक्के माहीत नाही' म्हणून निकाल कोरा ठेवू शकत नाही. १८७२ च्या पुरावा कायद्याने 'सिद्ध' या शब्दाची जी व्याख्या केली, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाने जी पुढे चालविली, तीसुद्धा खात्री मागत नाही. समंजस माणसाने ती गोष्ट आहे असे धरून वागावे, इतकी शक्यता मागते. आपली मुले प्रत्येक प्रश्नाला फौजदारी खटल्याचे माप लावतात. परीक्षा मात्र दिवाणी मापाने चालते. माझे सांगणे एवढेच आहे. बाकीचा सर्व विस्तार.

हे मी भावनेने सांगत नाही. हिशेब पाहा. राज्यसेवा पूर्वपरीक्षेच्या सामान्य अध्ययनाच्या प्रश्नपत्रिकेत १०० प्रश्नांना २०० गुण असतात, म्हणजे एका प्रश्नाला दोन. चुकीच्या उत्तराला त्याचा चौथा हिस्सा, म्हणजे अर्धा गुण, वजा होतो. समजा, १६ प्रश्न असे आहेत की ज्यांतील ओ की ठो कळत नाही. आपण ते केवळ अंदाजाने सोडविले, तर सरासरीने ४ बरोबर येतील व १२ चुकतील. मिळाले ८, गेले ६, उरले २. लाभ नगण्य, आणि एखाद्या दिवशी नशीब फिरले तर तोटाही व्हायचा. आता समजा, १२ प्रश्नांत एकेक पर्याय खात्रीने बाद करता आला. उरलेल्या तिनांतून निवडताना ४ बरोबर व ८ चूक. मिळाले ८, गेले ४, उरले ४. आणि त्याच १२ प्रश्नांत दोन-दोन पर्याय बाद करता आले, तर ६ बरोबर व ६ चूक. मिळाले १२, गेले ३, उरले ९ गुण. एवढ्या गुणांत शेकडो उमेदवार मागे पडतात.

पूर्वी आयोगाचा नियम कडक होता. तीन चुकांमागे एका बरोबर उत्तराचे गुण जात. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या पूर्वपरीक्षेत आजही एक तृतीयांशच वजा होतात. त्या नियमाखाली वरचे निव्वळ अंदाजाचे १६ प्रश्न सोडविले तर मिळालेले ८ आणि गेलेले ८, हाती शून्य. राज्य आयोगाने पुढे हे प्रमाण चौथ्या हिश्श्यावर आणले, परंतु जुन्या उमेदवारांची जुनी भीती वारसाने नव्या मुलांकडे आली आहे. पोलीस भरतीची लेखी परीक्षा, शिक्षक पात्रता परीक्षा, राज्याची विधी सीईटी, बार परीक्षा, यांत तर वजाबाकी मुळीच नाही. तेथे कोरे ठेवलेले वर्तुळ म्हणजे निव्वळ दान, आणि तेही अशा माणसाला की ज्याला आपण ओळखतही नाही. तथापि नियम बदलत असतात. म्हणून प्रत्येक परीक्षेची जाहिरात आणि प्रश्नपुस्तिकेचे पहिले पान हीच खरी संहिता समजावी, माझे भाषण नव्हे.

येथे कोणी उत्साही तरुण म्हणेल, मग सगळेच सोडवून टाकतो. थांबा. अभ्यासिकेत असाही एक मुलगा आहे. सराव परीक्षेत त्याने १०० पैकी १०० वर्तुळे काळी केली. संशयाचे ४० प्रश्न त्याने मनाला जे गोड वाटले त्याप्रमाणे सोडविले होते. त्यांतील ६ बरोबर आले, ३४ चुकले. ६ मधून साडेआठ वजा, म्हणजे अडीच गुण गाठचे गेले. निव्वळ नाणेफेक केली असती तरी त्याला याहून बरे यश मिळाले असते. असे का व्हावे? कारण चुकीचे पर्याय कोणी झोपेत लिहीत नाही. अर्धवट माहिती असलेल्याला जो पर्याय ओळखीचा वाटेल तोच प्रश्नकर्ता मुद्दाम ठेवतो. परिचित शब्द दिसला की आपण त्याकडे धावतो. ओळख आणि ज्ञान या दोन गोष्टी आहेत.

मग आपला संशय विश्वासार्ह आहे की फसवा, हे ठरवायचे कसे? त्याची मोजदाद ठेवून. सरावाची प्रश्नपत्रिका सोडविताना प्रत्येक उत्तरापुढे एक खूण करावी. खात्री असेल तेथे 'ख'. दोन पर्यायांत अडलो असू तेथे 'दो'. तिनांत अडलो तेथे 'ती'. निव्वळ अंदाज असेल तेथे 'अं'. नंतर उत्तरतालिकेशी ताडून प्रत्येक गटात किती प्रश्न होते व किती बरोबर आले, ते वहीत मांडावे. पाव गुण वजा होत असेल, तर ज्या गटात दर पाच प्रश्नांत एकाहून अधिक बरोबर येतात तो गट सोडविण्यात लाभ आहे. एक तृतीयांश वजा होत असेल, तर दर चारांत एकाहून अधिक यावेत. दहा-बारा प्रश्नपत्रिकांची अशी वही झाली की त्या मुलीला दिसेल, तिचा संशय बहुधा खरा असतो. आणि त्या मुलाला दिसेल की त्याची 'ख' सुद्धा तपासून पाहण्यासारखी आहे. दोघांनाही एकच उपदेश केला असता तर दोघांपैकी एकाचा घात झाला असता. प्रश्नपत्रिकांसाठी पैसे मोजू नयेत. मागील वर्षांच्या प्रश्नपत्रिका व उत्तरतालिका आयोगाच्या संकेतस्थळावर विनामूल्य मिळतात.

पर्याय बाद करण्याची कला एका उदाहरणाने सांगतो. समजा, विचारले आहे की, संविधानातील खालीलपैकी कोणते अनुच्छेद मूलभूत हक्कांच्या भागात समाविष्ट नाहीत? अ म्हणजे १६, ब म्हणजे १७, क म्हणजे ४६, ड म्हणजे ३३५. पर्याय असे: पहिला, अ आणि ब. दुसरा, फक्त क. तिसरा, क आणि ड. चौथा, फक्त ड. अस्पृश्यता नष्ट करणारा अनुच्छेद १७ हा मूलभूत हक्क आहे, हे आपल्या घरातील लहान पोरालाही ठाऊक असते. तेवढ्या एका गोष्टीवर पहिला पर्याय गेला. अनुच्छेद ४६ हे राज्याच्या धोरणाचे मार्गदर्शक तत्त्व आहे हे आठवले की चौथा गेला, कारण त्यात क नाही. राहिला प्रश्न ३३५ चा. तो नोकऱ्यांतील अनुसूचित जाती-जमातींच्या हक्कमागणीचा अनुच्छेद. त्याचा भाग आठवत नसला, तरी मूलभूत हक्कांचा भाग अनुच्छेद ३५ पाशी संपतो एवढे ठाऊक असेल, तर तिसरा पर्याय हाती येतो. पहा, चारही अनुच्छेद पाठ नसताना उत्तर मिळाले.

परंतु याच प्रश्नात खरा सापळा निराळा आहे. तो 'नाहीत' या शब्दात आहे. घाईत वाचणारा १६ व १७ पाहून हर्षाने पहिला पर्याय काळा करतो. ज्याला विषय सर्वांत चांगला येतो तोच येथे आधी पडतो! 'योग्य नाही', 'अयोग्य', 'वगळता', 'फक्त', 'सर्व', 'केवळ' हे शब्द दिसताच त्यांवर पेनने रेघ ओढावी. प्रश्नपुस्तिका आपलीच असते. कायद्याच्या कलमात एका 'किंवा'वरून मालमत्ता या हातातून त्या हातात जाते, मग प्रश्न तरी कादंबरीसारखा का वाचावा? विधान आणि कारण या जोडीच्या प्रश्नांतही असेच होते. विधान: संविधान २६ जानेवारी १९५० रोजी अमलात आले. कारण: संविधान सभेने ते २६ नोव्हेंबर १९४९ रोजी स्वीकृत केले. दोन्ही वाक्ये खरी आहेत. पण दुसरे हे पहिल्याचे कारण आहे काय? २६ जानेवारी ही तारीख निवडली गेली ती १९३० सालच्या त्या दिवशीच्या स्वातंत्र्याच्या प्रतिज्ञेमुळे. दोन सत्ये शेजारी ठेवली म्हणून त्यांत कार्यकारणभाव येत नाही. न्यायालयात मी हे पक्षकारांना रोज समजावून सांगतो.

वेळेविषयी थोडक्यात. राज्यसेवा पूर्वपरीक्षेत दोन तासांत १०० प्रश्न म्हणजे एका प्रश्नाला ७२ सेकंद, आणि एका तासाच्या पूर्वपरीक्षेत केवळ ३६ सेकंद. यात वर्तुळ काळे करण्याचा वेळही आला. म्हणून पहिल्या फेरीत 'ख' चे प्रश्न, दुसऱ्या फेरीत 'दो' व 'ती', आणि वहीने परवानगी दिली असेल तर शेवटी 'अं'. एखाद्या प्रश्नाशी कुस्ती खेळत बसू नये. अवघड प्रश्नाचे गुण सोप्या प्रश्नाइतकेच असतात, हे परीक्षेत हुशार मुले नेमके विसरतात. फेरीमागून फेरी जाताना प्रश्न मागे सुटतात, तेव्हा ओळ चुकण्याचा धोका असतो. ४१ चे उत्तर ४२ च्या ओळीत गेले की पुढची सारी फौज एक-एक पाऊल सरकते. दर वेळी प्रश्नाचा क्रमांक ओठांतल्या ओठांत म्हणूनच वर्तुळ काळे करावे. उत्तरपत्रिकेवर काळ्या शाईचे बॉलपेन चालते, आणि ते पुसता येत नाही.

पहिल्यांदा सुचलेले उत्तर बदलू नये, अशी एक समजूत सर्वत्र आहे. ती माझ्या आईनेही मला सांगितली होती. परंतु अमेरिकेत १९२० च्या दशकापासून या विषयावर अनेकदा अभ्यास झाला आहे, आणि त्यांत पुन्हा पुन्हा असेच आढळले की, बदललेल्या उत्तरांपैकी चुकीवरून बरोबरकडे गेलेली उत्तरे बरोबरवरून चुकीकडे गेलेल्यांपेक्षा अधिक असतात. बदलून गमावलेला गुण मात्र माणसाला जन्मभर सलतो आणि बदलून कमावलेला विसरला जातो, म्हणून ही समजूत टिकली. संगणकावरील परीक्षेत कारण सापडले तर उत्तर अवश्य बदलावे. कागदावरील परीक्षेत बदलण्याची सोय नसते, म्हणून प्रश्नपुस्तिकेवर आधी खूण करून विचार पुरा झाल्यावरच वर्तुळाला हात लावावा. केवळ अस्वस्थ वाटते म्हणून बदलणे, हे कारण नव्हे.

आणखी एक सवय मोडावयास हवी. आपली मुले गेल्या वर्षीची 'आपल्या प्रवर्गाची' सीमारेषा शोधून काढतात आणि तेवढ्यावर अभ्यास थांबवतात. कायद्याची स्थिती काय आहे? खुल्या जागा या कोणा विशिष्ट जातींसाठी राखीव नाहीत, त्या सर्वांना गुणवत्तेवर खुल्या आहेत, हे तत्त्व १९९२ च्या इंद्रा साहनी निर्णयापासून चालत आले असून २०२० मध्ये सौरव यादव खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ते पुन्हा स्पष्ट केले. वय वा तत्सम सवलत घेतली असल्यास काय होईल, हे त्या त्या भरतीच्या नियमांवर अवलंबून असते, म्हणून ते वाचावेत. परंतु आपल्यातील एक मुलगी खुल्या यादीत गेली की राखीव यादीतील एक जागा आपल्याच दुसऱ्या मुलासाठी मोकळी राहते. ते सोडलेले पावणेसतरा गुण केवळ तिचे एकटीचे नव्हते.

परीक्षा दालनाबाहेर आल्यावरही काम संपत नाही, हे वकील म्हणून मला सांगितलेच पाहिजे. आयोग आधी पहिली उत्तरतालिका प्रसिद्ध करतो, ठरावीक मुदतीत हरकती मागवितो आणि मग अंतिम तालिका काढतो. आपली मुले चहाच्या टपरीवर तालिकेला शिव्या घालतात, पण हरकत नोंदवीत नाहीत. न्यायालयात जाऊ, असे म्हणतात. न्यायालय काय म्हणते ते ऐका. १९८३ च्या कानपूर विद्यापीठ विरुद्ध समीर गुप्ता या खटल्यात सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांनी असे ठरविले की, उत्तरतालिका बरोबर आहे असेच गृहीत धरावे लागेल. ती चुकीची आहे हे उघडउघड दिसून आले पाहिजे, ताणून-ओढून काढलेल्या तर्काने नव्हे. त्या खटल्यात पाठ्यपुस्तकांनीच तालिका खोटी ठरविली होती, म्हणून विद्यार्थी जिंकले. २०१७ च्या रणविजय सिंह खटल्यात तर न्यायालयाने स्पष्टच सांगितले की, उत्तराविषयी संशय राहिला तर त्याचा फायदा परीक्षा घेणाऱ्या संस्थेला मिळेल, उमेदवाराला नव्हे. म्हणून हरकत मुदतीत, आणि ग्रंथाचे नाव, आवृत्ती व पृष्ठासह.

आवृत्ती का म्हणतो? २०२४ च्या 'नीट'मध्ये पदार्थविज्ञानाचा अणूंविषयी एक प्रश्न होता. एनसीईआरटीच्या जुन्या पुस्तकाप्रमाणे एक पर्याय बरोबर ठरत होता व नव्या पुस्तकाप्रमाणे दुसरा. परीक्षा घेणाऱ्या संस्थेने दोन्हींना गुण दिले. सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीच्या आयआयटीतील तज्ज्ञांचे मत मागविले आणि एकच पर्याय बरोबर ठरविला. दुसरा पर्याय निवडणाऱ्या चार लाखांहून अधिक विद्यार्थ्यांचे पाच-पाच गुण गेले, चार मिळालेले आणि एक दंडाचा. पैकीच्या पैकी गुण मिळविणारे ६१ होते, ते १७ उरले. थोरल्या भावाचे जुने पुस्तक धाकट्याने वापरणे ही आपल्या घराघरांतील रीत आहे. ती सोडा असे मी म्हणत नाही. परंतु नव्या आवृत्तीत काय बदलले, हे ग्रंथालयात एक दुपार बसून ताडून पाहावे.

उत्तरपत्रिकेची कार्बन प्रत मिळते, ती निकाल लागेपर्यंत जपून ठेवावी. तीच आपला पुरावा. स्वतःची तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा हक्क माहिती अधिकाराखाली आदित्य बंदोपाध्याय खटल्यात २०११ मध्ये मान्य झाला. २०१८ च्या अंगेश कुमार निर्णयाने नागरी सेवा परीक्षेच्या संदर्भात त्याला मर्यादा घातल्या. तेव्हा या हक्कावर विसंबून हातची प्रत हरवू नये.

आमच्या अभ्यासिकेत दर रविवारी सकाळी साडेनऊ वाजता पूर्ण प्रश्नपत्रिका घड्याळ लावून सोडविली जाते आणि दुपारी वह्या तपासल्या जातात. शुल्क नाही. येताना काळ्या शाईचे बॉलपेन, मनगटी घड्याळ व शंभरपानी वही आणावी, भ्रमणध्वनी घरी ठेवावा. जेथे अशी अभ्यासिका नाही तेथे चार जणांनी एका ओसरीवर बसूनही हे करता येते. ती मुलगी आता वह्या तपासण्यात मला मदत करते. गेल्या रविवारी मी तिची स्वतःची वही पाहिली. तिने १०० पैकी ९३ प्रश्न सोडविले होते. 'दो' आणि 'ती' मिळून ३१, त्यांतील १४ बरोबर. १७ चुकांचे सव्वाचार वजा जाता त्या गटातून पावणेदहा गुण मिळाले होते. सात प्रश्न तिने अजूनही कोरे ठेवले होते, आणि त्या प्रत्येकापुढे का ठेवले याचे कारण लिहिले होते. त्यांतील दोन कारणे मला पटली नाहीत. त्यावर आमचा वाद चालू आहे. तिच्या परीक्षेला सात आठवडे आहेत.